फोटोचा सातबारा: शेतात काढलेला फोटो तालुक्यात कसा जातो

सप्टेंबरात मांजरा नदीला पाणी आलं आणि मामांचं ३ एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं. शेंगा भरलेल्या होत्या, काढणी तोंडावर आली होती. पावसामुळे मामा त्या रात्री तालुक्याच्या गावी लेकीकडे थांबले होते. सकाळी पाणी जरा ओसरल्याचं कळलं तशी मोटारसायकल काढली आणि थेट शेत गाठलं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवलेला. बांधावर उभं राहून फोन बाहेर काढला, कॅमेरा उघडला आणि पटापट ३ फोटो घेतले. मग विहिरीकडे गेले, मोटार जागेवर आहे का बघितलं, आणि परत येऊन त्याच बांधावरून चौथा फोटो घेतला.

आठवड्याने ते फोटो दाखवायला ते एका कार्यालयात गेले. टेबलामागच्या माणसाने गॅलरीत पहिल्या फोटोचा तपशील उघडला. खाली छोटा नकाशा आला आणि त्यावरची टाचणी तालुक्याच्या गावात होती, शेतापासून ११ किलोमीटरवर. "काका, हा फोटो तुमच्या शेतातला दिसत नाही." मामांनी बाहेर येऊन मला फोन केला. आवाज कापत होता. "बापू, गुडघाभर चिखलात हुबं राहून काढलाय की रे मी. फोन खोटं कसं काय बोलायलाय?"

फोनवरून धड समजावता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावी गेलो आणि चारही फोटो एकेक उघडून बघितले. पहिले तीन तालुक्याच्या गावात. चौथा बरोबर शेतात, बांधापासून ४-५ मीटर आत. फोन तोच, माणूस तोच, जागा तीच. मध्ये फक्त काही मिनिटं गेली होती. त्या मिनिटांत फोनच्या आत काय घडलं ते कळलं की ठिकाण का चुकतं, का गायब होतं आणि कधी त्यावर विसंबायचं, हे सगळंच उलगडतं. हल्ली पंचनाम्यापासून घरकुलाच्या हप्त्यापर्यंत ठिकाणासह फोटो मागतात, म्हणून हे आपल्या भागातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

फोटोच्या फायलीत काय लिहिलेलं असतं

फोटोची फाईल म्हणजे नुसतं चित्र नव्हे. चित्राच्या आधी त्या फायलीत काही नोंदी असतात: फोन कोणत्या कंपनीचा, मॉडेल कोणतं, फोटो किती वाजता घेतला, फोन आडवा होता की उभा. या नोंदी कशा लिहायच्या याचा नियम जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ मध्ये पहिल्यांदा ठरवला. त्याला एक्झिफ म्हणतात. आज जगातला जवळजवळ प्रत्येक फोन त्याच पद्धतीने नोंदी लिहितो.

मला तो फोटोचा सातबारा वाटतो. जमीन जिथल्या तिथे असते. उताऱ्यावरची नोंद मात्र कुणीतरी केलेली असते. ती बरोबर असेल, जुनी असेल, किंवा राहूनच गेली असेल. आणि सातबाऱ्याचं जे होतं तेच इथेही होतं: एकदा नोंद झाली की लोक जमिनीकडे बघायच्या आधी कागदाकडे बघतात.

ठिकाणाच्या रकान्यात गावाचं नाव नसतं. तिथे असतात अक्षांश आणि रेखांश, आणि त्यांच्या शेजारी उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम हे सांगणारी एकेक खूण. काही फोन समुद्रसपाटीपासूनची उंची, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते, आणि उपग्रहांकडून मिळालेली वेळही लिहितात. बस, एवढंच. हे आकडे कॅमेरा स्वतः शोधत नाही. तो फोनला विचारतो, "आपण कुठे आहोत?" आणि फोन जे सांगेल ते उतरवून घेतो. उत्तर खरं की जुनं, हे तपासण्याचं काम कॅमेरा करत नाही.

म्हणून फोटोतलं ठिकाण म्हणजे बटण दाबलं त्या क्षणी फोनला आपण कुठे आहोत असं वाटत होतं, ती जागा. आपण खरोखर जिथे उभे होतो ती जागा बहुतेक वेळा तीच असते. पण दर वेळी नाही.

३० सेकंदांची गोष्ट

फोनला जागा कळते ती जीपीएसच्या उपग्रहांवरून. ते जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतो: माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत, आणि माझी कक्षा अशी आहे. तो संदेश आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून फोन त्या उपग्रहापासूनचं अंतर काढतो. अशी ३ अंतरं मिळाली की जागा निघायला हवी. पण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि फोनचं घड्याळ त्या मानाने कच्चं असतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. फोनच्या घड्याळाची ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. निदान ४ उपग्रह नीट ऐकू आल्याशिवाय फोनला स्वतःची जागा नेमकी सांगता येत नाही.

आता मामांच्या बाबतीतला खरा मुद्दा. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार सावकाश सांगतो, सेकंदाला अवघे ५० बिट. तुमचा फोन ज्या वेगाने व्हिडिओ दाखवतो त्यापुढे हे मुंगीच्या पावलांनी चालणं आहे. स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. ती फोनला न तुटता ऐकू यावी लागते. मध्येच तुम्ही झाडाखाली गेलात, फोन हाताच्या मुठीत झाकला गेला, ऐकणं तुटलं, की तेवढा भाग पुढच्या फेरीत पुन्हा येईपर्यंत थांबायचं. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळवायला तर १२.५ मिनिटं लागतात.

मग शहरात टाचणी लगेच कशी येते? कारण इंटरनेट चालू असतं. उपग्रहांची ताजी माहिती फोन नेटवरून एका दमात मागवून घेतो, मग आभाळाकडून फक्त वेळेच्या खुणा ऐकायच्या उरतात. नेट बंद असेल किंवा रेंजच नसेल तर तीच माहिती आभाळातून ५० बिटांच्या चालीने गोळा करावी लागते. एकदा गोळा केलेली माहिती साधारण ४ तास कामाला येते, म्हणून तासाभरापूर्वी नकाशा वापरला असेल तर फोन पटकन जागा सांगतो, आणि रात्रभर फोन बंद असेल तर सकाळी चाचपडतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. "रेंज नव्हती म्हणून लोकेशन आलं नाही" असं आपण सर्रास म्हणतो. जीपीएसला ना सिमकार्ड लागतं, ना इंटरनेट, ना टॉवर. उपग्रहाचं ऐकणं फुकट आहे आणि रानात कुठेही चालतं. रेंज नसली की फक्त वेळ जास्त लागतो. नेमका तोच वेळ आपण देत नाही.

कॅमेऱ्याला फोटो घ्यायला सेकंदाचा छोटा तुकडा पुरतो. जीपीएसला अर्धं मिनिट, कधी दोन-तीन मिनिटं. कॅमेरा जीपीएससाठी थांबत नाही आणि थांबूही नये. समोरचा क्षण निघून जाईल. तेव्हा काही फोन ठिकाणाचा रकाना कोरा सोडतात. काही फोन आसपासचे वायफाय आणि मोबाईल टॉवर बघून अंदाज लिहितात. गावात, जिथे घराघरात वायफाय आहे, तिथे हा अंदाज काही मीटरांवर येतो. शिवारात, जिथे लांबवर एकच टॉवर आहे, तिथे तो काही किलोमीटरनेही चुकू शकतो. आणि काही फोन शेवटची माहीत असलेली जागा लिहून मोकळे होतात. मामांचा फोन याच जातीचा. पाऊस थांबेपर्यंत लेकीच्या घरी त्यांनी नातवाबरोबर फोन बघितला होता, तिथली जागा फोनला पक्की ठाऊक होती. नंतर नेट बंद करून, पिशवीत गुंडाळून, खिशात टाकून ११ किलोमीटर आणला. बाहेर काढताच तीनदा बटण दाबलं. फोनच्या लेखी मामा अजून लेकीच्या घरीच होते. विहिरीकडे जाऊन येईपर्यंत फोन हातात होता, वर मोकळं आभाळ होतं, आणि तेवढ्यात त्याला उपग्रह सापडले.

आभाळ किती दिसतं

पाऊस होता म्हणून चुकलं असेल, असंही मामांना कुणीतरी सांगितलं होतं. ढगांनी जीपीएसला फारसा फरक पडत नाही. अडवतात त्या घन गोष्टी: पत्रा, स्लॅब, दगड, आपलं स्वतःचं अंग, आणि थोड्या प्रमाणात ओल्या पानांचं दाट झाड. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेल्या जनावराचा फोटो घेतला आणि ठिकाण दोन-तीनशे मीटरने सरकलं, तर नवल नाही. आधी बाहेर अंगणात मिनिटभर उभं राहावं आणि मग आत जाऊन फोटो घ्यावा.

याहून फसवी अडचण म्हणजे संदेश अडत नाही, तर आपटून येतो. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या दरीत, घोड्याच्या नालेसारख्या वळणावर, सुमारे ७६ मीटर उंच कड्यात कोरलेली आहेत. तुम्ही लेण्यासमोरच्या वाटेवर उभे असता तेव्हा पाठीमागचं निम्मं आभाळ कड्याने झाकलेलं असतं. जे उपग्रह सरळ दिसत नाहीत त्यांचे संदेश समोरच्या कड्यावर आपटून फोनपर्यंत येतात. वळसा घालून आल्याने त्यांना किंचित जास्त वेळ लागतो, फोन तो वेळ म्हणजे अंतर समजतो, आणि टाचणी नदीपात्रात किंवा पलीकडच्या डोंगरावर जाऊन बसते. वेरूळला कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे. त्याच्या चौकात उभं राहिलं की तिन्ही बाजूंना उभा कातळ आणि वर आभाळाचा तुकडा. तिथेही हेच होतं. लेण्याच्या आत गेलं की संदेशच नाही, मग फोन दारातली जागा लिहितो. वेरूळची ३४ लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. घाईने एकातून दुसऱ्यात गेलात तर घरी आल्यावर कोणतं शिल्प कोणत्या लेण्यातलं हे ठिकाणावरून कळत नाही. मी अशी सहल एकदा करून आलोय. आता लेण्याबाहेरच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो आधी घेतो आणि मग आत जातो.

नव्या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या लहरींवर उपग्रह ऐकण्याची सोय येऊ लागली आहे. तिने आपटून आलेले संदेश ओळखायला मदत होते. काही फोन जीपीएससारख्याच आपल्या इस्रोच्या 'नाविक' नावाच्या उपग्रहांचंही ऐकतात. फरक पडतो, पण कडा तो कडाच.

आकडा बरोबर, नोंद चुकीची

जागा नीट कळूनही ती लिहिताना किंवा वाचताना चूक होऊ शकते. फोन स्वतः अशी चूक फार क्वचित करतो. पण फोटोत ठिकाण हाताने भरणारी ॲप, जुने संगणक प्रोग्राम, आणि आकडे बघून अर्जात उतरवणारी माणसं नेहमी करतात. छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घ्या. अक्षांश १९.८७ उत्तर, रेखांश ७५.३४ पूर्व. दोन्हींची अदलाबदल झाली तर टाचणी नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात पडते. पूर्वेची खूण गळून पश्चिम झाली तर थेट क्युबा बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला. तुमचा फोटो असा दूर समुद्रात दिसला तर घाबरू नका, ही चूक ओळखायला सोपी आहे.

न ओळखू येणारी चूक जवळच्या अंतराची असते. अंश, मिनिटं आणि सेकंद या जुन्या पद्धतीने हेच शहर १९ अंश ५२ मिनिटं, ७५ अंश २० मिनिटं असं लिहितात. मिनिटं ६० ची असतात, १०० ची नाहीत. कुणी ते सरळ १९.५२ आणि ७५.२० असं टिंब देऊन भरलं तर टाचणी पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागर जलाशयाच्या परिसरात जाते, शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास. जिल्हा तोच, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. अर्जात आकडे भरताना ही एक गोष्ट दोनदा बघावी.

टिंबापुढचे आकडेही खुडू नयेत. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. टिंबापुढे दोनच आकडे ठेवले तर किलोमीटरभराची ढोबळ जागा मिळते, चार ठेवले तर ११ मीटरची, पाच ठेवले तर मीटरभराची. शेतासाठी पाच हवेत.

आणि शून्य. काही प्रोग्राम ठिकाण माहीत नसेल तर रकाना कोरा सोडण्याऐवजी शून्य अक्षांश, शून्य रेखांश लिहितात. ती जागा खरी आहे: आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, उघड्या समुद्रात. नकाशावाले तिला शून्य बेट म्हणतात. बेट वगैरे तिथे काही नाही. तुमचे फोटो तिथे दिसले तर ठिकाण चुकलेलं नाही, मुळात नोंदलंच गेलेलं नाही असं समजा.

वेळेचंही एक सांगतो, कारण पुराच्या फोटोत तारीख महत्त्वाची असते. उपग्रहाकडून आलेली वेळ फोटोत जागतिक वेळेप्रमाणे लिहिली जाते आणि आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे आहेत. पहाटे पावणेपाचला घेतलेल्या फोटोत ती नोंद आदल्या दिवशीची रात्री सव्वाअकरा अशी दिसते. फोनच्या घड्याळाची नोंद वेगळ्या रकान्यात असते आणि ती बरोबर असते. दोन तारखा बघून कुणी फोटोवर संशय घेतला तर हा फरक त्याला दाखवून द्या. उंचीच्या आकड्यावर तर मी विसंबतच नाही. बरेच फोन उंची समुद्रसपाटीपासून नव्हे तर पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात, आणि आपल्या भागात त्या दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो.

गावाचं नाव येतं कुठून

गॅलरी उघडली की फोटोखाली गावाचं नाव दिसतं, म्हणून ते फोटोतच लिहिलंय असं वाटतं. ते फोटोत नसतं. गॅलरी अक्षांश-रेखांश घेऊन नकाशाला विचारते आणि नकाशा सांगेल ते नाव दाखवते. २०१५ सालचा तुमचा फोटो तेव्हा औरंगाबाद किंवा उस्मानाबाद दाखवत होता आणि आता छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव दाखवतो. २०२३ मध्ये नावं बदलली, नकाशाने ती बदलली, तुमच्या फायलीतलं एक अक्षरही बदललेलं नाही. शिवाराच्या हद्दीवर घेतलेला फोटो शेजारच्या गावाच्या नावाने दिसतो तोही याचमुळे. आकडे बघा, नाव बघू नका.

हाताने ठिकाण भरताना मात्र नावच घात करतं. जुन्या फोटोंना ठिकाण देताना नुसतं औरंगाबाद टाइप केलं तर बिहारमधलं औरंगाबाद पुढे येऊ शकतं. वडगाव आणि पिंपळगाव तर आपल्याकडे किती आहेत ते मोजायलाच नको. नकाशावर बोट ठेवूनच जागा निवडावी.

वाटेत गळून जातं ते

आत्तापर्यंत चुकीच्या नोंदीबद्दल बोललो. पण सगळ्यात जास्त तक्रार कोऱ्या नोंदीची असते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा फोटो काढण्यात नसतं, पाठवण्यात असतं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान केला जातो आणि ठिकाणासकट बहुतेक नोंदी काढून टाकल्या जातात. मुलाने शेतातून पाठवलेला, बापाने सेवा केंद्रावर नेलेला, तिथून पुढे पाठवलेला फोटो ठिकाणाच्या बाबतीत पहिल्याच उडीत कोरा झालेला असतो. अशा फायलीच्या नावात शेवटी डब्ल्यूए आणि आकडे असतात, त्यावरून ती चटकन ओळखू येते. तोच फोटो कागदाच्या क्लिपच्या खुणेतून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते, ठिकाणासह. केबलने संगणकावर उतरवला तरी तसाच राहतो. स्क्रीनशॉट ही नवीनच फाईल असते, तिच्यात जुनं काही येत नाही.

ही गळती कुणी चुकून ठेवलेली नाही. घरातल्या लेकरांचा फोटो गटावर टाकला आणि त्यातून घराचा नेमका पत्ता अनोळखी माणसाला मिळाला, असं होऊ नये म्हणून ती आहे, आणि मला ती योग्य वाटते. याच काळजीपोटी २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून एखाद्या ॲपला फोटो बघू देणं आणि फोटोतलं ठिकाण बघू देणं या दोन वेगळ्या परवानग्या झाल्या. दुसरी दिली नसेल तर ॲपला फोटो मिळतो, ठिकाण मिळत नाही. तुमच्या गॅलरीत ठिकाण दिसतं आणि त्याच फोटोचं ॲपमध्ये दिसत नाही, ते यामुळे. आयफोनमध्ये फोटो पाठवताना वर पर्याय म्हणून एक शब्द येतो, तिथे ठिकाण पाठवायचं की नाही ते ठरवता येतं.

परवानग्यांचाच आणखी एक प्रकार. २०२० पासून आयफोनमध्ये आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तिकडेही, ॲपला नेमकी जागा द्यायची की अंदाजे, असं विचारलं जातं. घाईत कुणी अंदाजे निवडलं असेल तर अँड्रॉइडवर ती जागा साधारण ३ चौरस किलोमीटरच्या भागात कुठेही दाखवली जाते. कॅमेऱ्याला ही परवानगी दिलेली असेल तर रानात कितीही वेळ उभे राहा, ठिकाण नेमकं येणार नाही. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण जोडायचं बटण मुळातच बंद असेल तर रकाना कोराच. फोन नवा घेतला की पहिल्यांदा तेवढं बघून ठेवा.

गुगल फोटोजमध्ये दिसणारं ठिकाण कधीकधी अंदाजाने लावलेलं असतं, आजूबाजूच्या फोटोंवरून किंवा दिसणाऱ्या ओळखीच्या वास्तूवरून. ते मूळ फायलीत नसतं. तिथे टाचणी दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

गावोगाव जीपीएस कॅमेऱ्याची ॲप वापरतात, जी फोटोच्या खालच्या कोपऱ्यात नकाशा, पत्ता आणि अक्षांश-रेखांशाचा पट्टा छापून देतात. हा पट्टा चित्राचाच भाग होतो, म्हणून व्हॉट्सॲपवरून गेला तरी पुसला जात नाही. उपयोगी आहे, मी स्वतः वापरतो. पण पट्ट्यातला आकडाही त्याच फोनने दिलेला असतो. फोनला जुनी जागा माहीत असेल तर पट्टाही जुनीच जागा ठळक अक्षरात छापतो. ई-पीक पाहणीसारख्या सरकारी ॲपची रीत आणखी वेगळी: ती गॅलरीतल्या जुन्या फोटोवर भागवत नाहीत, स्वतःचा कॅमेरा उघडून त्या क्षणीची जागा फोनकडून घेतात. तिथे व्हॉट्सॲपच्या गळतीचा प्रश्न नाही, पण ३० सेकंदांचा आहेच.

बांधावर उभं राहून

मग करायचं काय? मामांना जे शिकवलं तेच सांगतो. शेतात पोचल्यावर आधी नकाशाचं ॲप उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट गोल दिसतो. फोनला स्वतःच्या जागेबद्दल जेवढी शंका, तेवढा तो गोल मोठा. फोन छातीशी न धरता समोर मोकळा धरा, झाडापासून दूर या, आणि गोल आक्रसून ठिपक्याएवढा होईपर्यंत थांबा. तेवढ्यात विहीर बघा, बांध फुटलाय का बघा. नकाशा कोरा आला तरी हरकत नाही, नेट नसल्यामुळे चित्र येत नाही इतकंच, ठिपका आपलं काम करत असतो. मग फोटो घ्या, आणि तिथून हलायच्या आधी गॅलरीत तपशील उघडून आकडे आलेत का ते बघा. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

थांबूनही किती नेमकं मिळतं? उघड्या आभाळाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटरची असते. म्हणजे १० मीटर रुंदीचं वर्तुळ, साधारण पाऊण गुंठ्याएवढं. सलग ३ एकराला हे पुरेसं आहे. पण वाटण्या होत होत जिथे लांबट पट्ट्या उरल्या आहेत, तिथे बांधावर उभं राहून घेतलेला फोटो शेजारच्या गटात जाणं अगदी सहज शक्य आहे. म्हणून बांधावर न थांबता पट्टीच्या मधोमध जाऊन फोटो घ्यावा. चिखल असेल तर अवघड आहे, मला माहीत आहे, पण त्या १५-२० पावलांचा फरक नकाशावर दिसतो.

फोटोतली जागा फोनची असते, समोरच्या वस्तूची नव्हे, हेही लक्षात असू द्या. नदीपलीकडच्या बुडालेल्या शेताचा फोटो अलीकडच्या काठावरून घेतला तर नोंद अलीकडच्या काठाची होणार. पलीकडे जाता येत नसेल तर जीव धोक्यात घालू नका. अलीकडून फोटो घ्या, कुठून कुठल्या दिशेला घेतलाय ते कागदावर लिहून सोबत द्या.

आणि चुकलेलं ठिकाण दुरुस्त करण्याबद्दल. घरच्या अल्बमात, लग्नाच्या, वारीच्या, जत्रेच्या फोटोंमध्ये ठिकाण खुशाल बदला, गॅलरीत तशी सोय असते. पण भरपाईसाठी, पंचनाम्यासाठी, कुठल्याही पुराव्यासाठी घेतलेल्या फोटोला हात लावू नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी बदललेली फाईल म्हणजे खाडाखोड केलेला कागद. शक्य असेल तर पुन्हा जाऊन नवा फोटो घ्या. पाणी ओसरून गेलं असेल तर मूळ फाईल तशीच ठेवा आणि काय झालं ते लेखी सांगा.

मामांचंही आम्ही तसंच केलं. चारही फोटो केबलने उतरवून एका पेनड्राइव्हवर घेतले, एकाचंही नाव बदललं नाही. अर्ज लिहिला: पहिल्या तीन फोटोंत फोनने जुनी जागा नोंदवली आहे, चौथ्यात बरोबर आहे, चारही फोटो एकाच बांधावरून थोड्या मिनिटांच्या अंतराने घेतले आहेत, चारही फोटोंत डाव्या हाताला तीच बाभळ आणि तिच्यामागे विजेचा तोच खांब दिसतो. टेबलामागच्या माणसाने या वेळी चारही फोटो संगणकावर शेजारी शेजारी उघडले, बाभळीवर बोट ठेवलं, मग खांबावर, आणि चौथ्या फोटोचे आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले.